फॉर्मवर ‘नाही’ लिहिण्याआधी

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव दोन महिन्यांपासून ‘कॅरिबियन’ आहे. पाच जणांपैकी एकाकडंही पासपोर्ट नाही, तो भाग वेगळा. कुणीतरी निळ्याशार पाण्यात कासवाशेजारून पोहणाऱ्या पोरीची रील टाकली, त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, ‘इथं जायलोत आपण’, आणि ग्रुपचं नाव बदललं. मग एकानं विमानाच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट टाकला. त्यानंतर अर्धा तास ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. शेवटी मालवण ठरलं.

आपल्या हिंगोलीपासून मालवण रस्त्यानं सातशे किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडं पाणी म्हणजे कयाधू, सिद्धेश्वर, इसापूर आणि शेतातली विहीर. आमच्या पाच जणांपैकी तिघांनी समुद्र एकदाही पाहिलेला नाही. त्यामुळं ‘समुद्र बघायचा आणि थेट त्याच्या आतच जायचं’ या कल्पनेनं सगळे पेटले. खरं सांगायचं तर मीही.

वीस मिनिटांत प्लॅन तयार झाला. ३० डिसेंबरला संध्याकाळी भाड्याच्या गाडीनं निघायचं, आलटून पालटून आपणच चालवायची. ३१ला दुपारी मालवण, रात्री किनाऱ्यावर ‘थर्टी फर्स्ट’. १ तारखेला सकाळी सातला स्कुबा, दुपारी परतीचा रस्ता, २ला कॉलेज. घरी सांगायचं, स्टडी टूर आहे. आणि आमच्यातल्या एकाला लहानपणापासून दमा आहे, त्यानं फॉर्मवर ‘नाही’ लिहायचं.

या शेवटच्या मेसेजवर चार जणांनी अंगठा दाखवला. त्यातला एक अंगठा माझा होता.

मग मला वाटलं, या विषयावर पानासाठी काहीतरी लिहावं. म्हणून वाचायला लागले, दोन-चार ठिकाणी फोन केले. आणि जसजसं कळत गेलं, तसतसा तो अंगठा टोचायला लागला. आमचा अख्खा प्लॅन तीन खोट्यांवर उभा होता: एक कॅलेंडरशी, एक फॉर्मवर, एक घरी. एरवी अशा थापांवर आपल्या कितीतरी ट्रिपा निघतात आणि सुखरूप परतही येतात. पण पाण्याखाली थाप चालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की स्कुबाचा प्लॅन करताना पैशांच्या आधी खरं बोलण्याची तयारी करा. ती नसेल तर किनाऱ्यावर बसून मस्त मासे खा, तेही वाईट नाही.

कॅलेंडरशी खोटं

सगळ्यात साधी थाप ही: ‘तीन दिवसांत होतं रे.’ कागदावर होतं. पण रात्रभर जागून गाडी चालवायची, दुसऱ्या रात्री जागून नववर्ष साजरं करायचं आणि सकाळी सातला बोटीत बसायचं, म्हणजे शरीराला दोन रात्रींची झोप नाही, पोटात बोटीची मळमळ आणि अंगात पाणी कमी. आदल्या रात्री दारू झाली असेल तर आणखी वाईट. थकलेला, सुकलेला माणूस पाण्याखाली लवकर घाबरतो, आणि तिथं घाबरणं हाच सगळ्यात मोठा धोका असतो.

त्यात थंडीची सर्दी. आपण म्हणतो, सर्दीच तर आहे! पण पाण्यात दोन-तीन मीटर खाली गेलं तरी कानावर दाब जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडं ढकलायची, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. दर थोड्या खोलीला हे करत राहायचं. सर्दीनं नाक-कानाची वाट बंद असेल तर हे होतच नाही. तरीही खाली गेलात तर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. म्हणजे सर्दी झाली तर त्या दिवशी उतरायचं नाही, एवढा साधा नियम. पण एकाच सकाळचा प्लॅन असेल तर हा नियम कोण पाळणार? एवढ्या लांबून आलो, पैसे भरले, चल उतर! हातात एक जादा दिवस नसेल, तर ‘आज नको’ म्हणायची सोयच उरत नाही.

परतीचंही तसंच. खोल आणि जास्त वेळ डाइव्ह केल्यावर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसत नाहीत. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे. आपण कुठं विमानानं जाणार, असं म्हणाल. पण घाट चढणं म्हणजेही उंचीवरच जाणं. मालवणहून हिंगोलीला यायचं तर सह्याद्री चढावाच लागतो. उथळ पाण्यातल्या पंधरा-वीस मिनिटांनंतर हा धोका फार कमी असतो. पण जे कोर्स करून खोल जाणार आहेत, त्यांनी निघायची वेळ प्रशिक्षकाला विचारूनच ठरवावी. आणि डाइव्ह झाल्यावर दमलेल्या अंगानं सातशे किलोमीटर गाडी चालवण्याचा धोका तर सगळ्यांनाच आहे, त्याला नायट्रोजन लागत नाही.

फॉर्मवरचं खोटं

हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण यात मी सामील होते.

आमच्या त्या मित्राला (त्याला विचारूनच लिहितेय) हळद पॉलिश करायच्या दिवसांत खळ्यावर तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय उभं राहता येत नाही. खिशात इनहेलर असतोच. एरवी तो क्रिकेट खेळतो, गाडी चालवतो, आमच्यापेक्षा जास्त जिने चढतो. मग पंधरा मिनिटं पाण्यात गेला तर काय बिघडलं?

काय बिघडतं, ते समजून घ्यायला अकरावीचं फिजिक्स पुरतं. समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. दहा मीटर खाली गेलं की तो दुप्पट होतो. स्कुबाच्या सिलिंडरमधून आपल्याला त्या खोलीच्या दाबाची हवा मिळते. आता दहा मीटरवर छातीभर श्वास घेतला आणि तो रोखून वर आलात, तर ती हवा फुगून दुप्पट जागा मागते. फुप्फुस तेवढं ताणत नाही, फाटू शकतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम आहे: श्वास कधीही रोखायचा नाही, चालूच ठेवायचा. आणि ‘आपण कुठं खोल जातोय, पंधरा फूटच तर आहे’ हे उत्तर इथं चालत नाही. हवेचं आकारमान सगळ्यात झपाट्यानं बदलतं ते वरच्या काही मीटरमध्येच.

दम्यात नेमकं काय होतं? श्वासनलिका आवळल्या की हवा आत अडकते. म्हणजे त्यानं श्वास रोखला नाही तरी फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा कोंडलेली राहू शकते. वर सिलिंडरमधली कोरडी हवा, तोंडात जाणारं खारं पाणी आणि भीती, या तिन्हींनी दम उसळू शकतो. पाण्याखाली इनहेलर ओढता येत नाही.

याचा अर्थ दमा असलेल्यानं कधीच स्कुबा करू नये असा नाही. दमा चांगला आटोक्यात असेल तर तपासणी करून डॉक्टर काही जणांना परवानगी देतातही. म्हणूनच तर तो फॉर्म असतो. त्यात दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, चालू औषधं असे प्रश्न असतात. ‘हो’ लिहिलं म्हणजे तुम्ही नापास झालात असं नाही. ‘हो’ म्हणजे आधी डॉक्टरांची सही आणा. ‘नाही’ लिहिलं, तर खाली तुमच्यासोबत येणाऱ्या माणसाला कळणारच नाही, की कुणाकडं जास्त लक्ष ठेवायचंय. आपण फॉर्मला नाही, त्या माणसाला फसवतो.

फोन केले त्यातला एक अनुभव सांगते. एका ठिकाणी मी विचारलं, तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो का? उत्तर आलं, ‘काही नाही मॅडम, सही करायची फक्त. किती जण आहात?’ दुसऱ्या ठिकाणच्या माणसानं आधी मलाच दहा मिनिटं प्रश्न विचारले. वय, चष्मा, कान, दम, पाण्याची भीती, कधी येताय, कधी परतताय. पैशांचं शेवटी सांगितलं आणि ते पहिल्यापेक्षा जास्त होते. आमच्या ग्रुपवर अर्थातच पहिला नंबर फॉरवर्ड झाला होता. जो आधी तब्येत विचारतो त्याच्याकडं जा, थोडे पैसे जास्त गेले तरी. हे शंभर रिव्ह्यू वाचण्यापेक्षा बरं.

घरचं खोटं

आता सगळ्यात अवघड. ‘घरी खरं सांगा’ हे वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्या ग्रुपमधली मैत्रीण म्हणाली, ‘तुला काय जातंय सांगायला? मी खरं सांगितलं की माझी ट्रिप तिथंच संपली.’ ती खोटं बोलत नव्हती. पोरांना घरी ‘मालवणला जायलो’ एवढं बोललं तरी भागतं. पोरीला कोण सोबत, कुठं राहणार, कशाला, हे सगळं सांगूनही बहुतेक वेळा ‘नाही’च ऐकावं लागतं. मग थाप हाच तिचा एकमेव पासपोर्ट. हे मी नाकारत नाही. यात चूक तिची कमी आणि घरांची जास्त आहे.

पण मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली होती. स्कुबा करून परत येतानाची गोष्ट, दोन पर्यटकांचा जीव गेला. ते वाचताना माझ्या डोक्यात एकच आलं. आपल्या घरी ‘स्टडी टूर’ सांगितलंय, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला, की तुमची मुलगी समुद्रात... तर पप्पा आधी ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवतील. तब्येतीचं काही विचारलं, रक्तगट विचारला, तर घरच्यांशिवाय कोण सांगणार? फॉर्मवर ‘अडचणीत कुणाला कळवायचं’ असा एक रकाना असतो. तिथं ज्याचं नाव लिहायचं, त्याला आपण कुठं आहोत हे माहीत असायला नको?

मी घरी सांगितलं. एकदम नाही, दोन आठवडे लावले. आधी आईला. ती म्हणाली, ‘तुला विहिरीत पाय सोडून बसता येत नाही, तू समुद्रात उतरतीस?’ बरोबरच होतं. आमच्याकडं पोरं उन्हाळ्यात पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उड्या मारायला शिकतात. मी काठावर बसून त्यांचे कपडे आणि मोबाइल सांभाळले. पप्पांनी विचारलं, ‘तिथं वळखीचं कोण हाय?’ मी बुकिंग करायचं त्या ठिकाणचा नंबर दिला. त्यांनी स्वतः फोन केला. काय बोलले माहीत नाही, पण नंतर त्यांनी मला सर्दीबद्दल विचारलं. तेव्हा कळलं, समोरच्यानं त्यांनाही तेच सगळं समजावून सांगितलं होतं.

माझ्या मैत्रिणीचं अजून जमलेलं नाही. तिच्या आईशी माझी आई बोलणार आहे. जमेल का, सांगता येत नाही. पण तिला थाप मारून न्यायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. तिला सोडून जायचं नाही, असंही ठरवलंय.

मालवणात जाऊन नेमकं काय मिळतं?

हे खरं-खोटं करताना आणखी एक गोष्ट कळली. आपण ‘स्कुबा’ म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन पंधरा-वीस मिनिटं उथळ पाण्यात जाऊन येणं. याला पोहता यायची अट नसते. रीलमध्ये दिसतं ते बहुतेक हेच. दुसरं, शिकणं. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंगची संस्था आहे, ‘इस्दा’. तिथं आधी तलावात शिकवून मग समुद्रात नेतात. ‘ओपन वॉटर’ नावाचा पहिला जागतिक मान्यतेचा कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो. त्याला मात्र २०० मीटर न थांबता पोहता यायला हवं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगता यायला हवं. तो केला की १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत उतरता येतं, इथंच नाही, अंदमानात आणि कॅरिबियनमध्येही.

कॅरिबियनचं आलंच आहे तर सांगते. तिथलं बोनेर नावाचं छोटं बेट डायव्हिंगसाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्या बेटाभोवतीचा समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे. तिथं येणाऱ्या डायव्हरला निसर्गासाठी शुल्क भरावं लागतं, आधी नियम समजून घ्यावे लागतात आणि पहिली डाइव्ह ओळखीची, म्हणजे तुम्हाला पाण्यात नीट सावरता येतं की नाही हे पाहण्याची करावी लागते. कितीही अनुभवी असलात तरी. हातमोजे घालायला बंदी आहे, कारण हातमोजे असले की माणूस प्रवाळाला धरतो. प्रवाळ हे दगड वाटतात पण जिवंत असतात, एका लाथेत वर्षानुवर्षांची वाढ तुटते.

आपल्याकडंही असा समुद्र आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं, त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, मासे आहेत. आपण तिथं गर्दीच्या आठवड्यात जाऊन, घाईत उतरून, फोटोसाठी खडकाला धरून उभे राहिलो, तर त्या खडकाचंही नुकसान आणि आपलंही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बोटींच्या रांगा लागतात. तेव्हा एका प्रशिक्षकाला तुमच्यासाठी किती वेळ मिळणार, हा हिशोब करून बघा.

मग प्लॅनचं काय झालं?

प्लॅन रद्द नाही, बदललाय. थर्टी फर्स्ट सोडला. हंगाम ऑक्टोबर ते मे असतो, पावसाळ्यात समुद्रातलं हे सगळं बंद. म्हणून सेमिस्टर संपल्यावर फेब्रुवारीत, तेही आठवड्याच्या मधल्या दिवसांत जायचं. भाड्याची गाडी नाही. नांदेडहून पनवेल एक्स्प्रेसनं पनवेल, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, पुढं एसटीनं मालवण. वेळ जास्त लागतो, पण झोप होते आणि गाडी आपल्याला चालवावी लागत नाही. पोचल्या दिवशी फक्त आराम आणि किल्ला. दुसऱ्या दिवशी पाणी. तिसरा दिवस मोकळा, कुणाला सर्दी झाली किंवा समुद्र खवळला तर. चौथ्या दिवशी परत. मुक्कामाचा खर्च वाढला, म्हणून आणखी दोन महिने पैसे साठवायचेत. ग्रुपमधला एक म्हणाला, ‘वीस मिनिटांसाठी एवढं?’ हो, एवढं. वीस मिनिटं कमी वाटतात, पण त्या वीस मिनिटांत आपला श्वास दुसऱ्यानं भरलेल्या सिलिंडरवर चालतो.

आमच्या दमा असलेल्या मित्रानं डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यांनी ‘हो’ म्हटलं तर उतरेल. ‘नाही’ म्हटलं तर लाइफ जॅकेट घालून बोटीत बसेल. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तो चिडला होता. म्हणाला, ‘तुम्ही सगळे खाली आणि मी वर, काय करू?’ मग एक दिवस स्वतःच म्हणाला, ‘फॉर्मवर नाही लिहिलं असतं ना, तर खाली जाऊन सगळा वेळ दमाचाच विचार केला असता. मासा एकपण दिसला नसता.’

ग्रुपवरचा तो जुना मेसेज मी शोधून काढला आणि माझा अंगठा काढून घेतला. बाकीच्या तिघांनीही काढला.

आणि मी? पुढच्या रविवारपासून चुलत भावाच्या विहिरीत पोहायला शिकणार आहे. काठावर त्याचा मोठा भाऊ दोर घेऊन बसणार आहे. वाळलेला भोपळा काकूंनी माळ्यावरून काढून ठेवलाय. त्या म्हणाल्या, ‘या भोपळ्यावर या घरातली पाच पोरं शिकली. पोरगी पहिलीच.’